मधल्या मापाचा वॉकर

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, काटोलला त्याची आई घराच्या ओट्यावरून खाली पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. तिचं वय ऐंशीच्या पुढे आहे. नक्की किती, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. भिलाईला फोन साडेसातला आला. तो तेव्हा रुआबांध्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालत होता. सव्वानऊला तो दुर्ग स्टेशनवर होता. नागपूरला शस्त्रक्रिया झाली आणि दहा दिवसांनी आईला काटोलला नेलं. आता चैत्र लागला आहे. तो अजून तिथेच आहे.

आम्ही दोघं बावीस वर्षं एका घरात राहतो. मी त्याला नवरा म्हणतो. हा शब्द घराबाहेर मी दोन-तीन माणसांपुढेच वापरला आहे. विधी झालेला नाही, तशी सोयही नाही. घर त्याच्या नावावर आहे. माझ्या पत्त्याच्या पुराव्यासाठी आम्ही दरवर्षी अकरा महिन्यांचा भाडेकरार करतो. कागदावर तो घरमालक, मी भाडेकरू. आमच्या दोघांच्या सह्या एकत्र असलेला तेवढा एकच कागद. करार नवा झाला की त्या दिवशी तो केळं घालून शिरा करतो आणि म्हणतो, "भाडेकरू चांगला आहे, ठेवून घेऊ अजून अकरा महिने." या वेळी करार पौषात संपला. नवा केलेला नाही.

तो भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला होता, फिटर म्हणून लागला आणि फोरमन म्हणून सुटला. मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर. तो सकाळच्या शिफ्टला असला की पाचला घर सोडायचा. मी दुपारी चारला निघून मध्यरात्रीनंतर परतायचो. त्यामुळे बहुतेक वर्षं आमचा एकत्र दिवस दुपारी अडीच ते चार एवढाच होता. त्यात जेवण, भांडण, बँकेची कामं, कूलरची वाळ्याची टट्टी बदलणं, सगळं बसवायचं. तो रिटायर झाल्यावर मी आठवड्यातून तीनच दिवस कामाला जायचं ठरवलं. आईचा फोन आला तेव्हा त्या व्यवस्थेला चौदा महिने झाले होते.

त्या चौदा महिन्यांत तो माझ्यासोबत सकाळी मरोद्याच्या तलावावर यायचा. मला पाणपक्षी बघण्याचा नाद आहे. वहीत तारीख, वेळ, पक्षी, संख्या लिहितो. त्याला पक्ष्यांत काही रस नाही. तो बांधावर बसून आमचाच पेपर वाचायचा आणि चुका काढायचा.

"हे पाहा, तिसऱ्या पानावर. 'मृतक की हालत स्थिर.' तूच लावलं न हे?"

"माझी सुट्टी होती काल."

"चूक सापडली की तुझी सुट्टीच असते बाप्पा."

बदकं उडून जायची. मी वहीत तसं लिहायचो: उडाली, कारण आवाज. त्या वहीत दसऱ्यानंतरच्या पानांवर हे कारण एकदाही आलेलं नाही.

शेवंती त्याचा नाद. तेलाच्या कापलेल्या डब्यांत चाळीस रोपं. टाऊनशिपच्या फुलांच्या प्रदर्शनात तो दर हिवाळ्यात भाग घ्यायचा आणि परीक्षकांशी वाद घालायचा. आई पडली तेव्हा रोपांना कळ्या धरायला लागल्या होत्या. मोठं फूल हवं असेल तर फांदीच्या टोकाची मधली कळी ठेवून बाजूच्या खुडाव्या लागतात. ते काम मी त्याला व्हिडिओ कॉलवर विचारून केलं. तो नागपूरच्या दवाखान्याच्या जिन्यात उभा होता.

"ती नको. त्याच्या शेजारची. अरे, मधली ठेव म्हणतो मी, तू मधलीच धरून राहिला!"

"फोन हातात, कळी हातात. कसं दिसणार मला?"

"फोन ठेव त्या टाकीवर. हं. आता हळू."

मधेच त्याला नर्सने आवाज दिला. फोन चालूच राहिला. मला पंधरा मिनिटं जिन्याची भिंत दिसत होती. मी कळ्या खुडत राहिलो. फुलं आली, लहान आली. प्रदर्शनाला मी नेली नाहीत.

आमचं दोघांचं मिळून काम रविवारचं. इथल्या मराठी मंडळाची एक खोली आहे. तिथून आजारी माणसांसाठी लागणारं सामान लोकांना वापरायला दिलं जातं: व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, कुबड्या, वॉकर. वापर संपला की परत आणायचं. रविवारी नऊ ते बारा आम्ही दोघं तिथे बसतो. पंधरा वर्षं झाली. प्लांटवाले, रेल्वेवाले, जामुलच्या सिमेंट कारखान्यातले, मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, सगळे येतात.

बाजारात मिळणाऱ्या वॉकरचे पाय बटण दाबून लांब-आखूड करता येतात. ते बटण वर्षभरात सैल होतं आणि पाय एकदम आत जातो. असं एकदा झालं तेव्हा जुनवानीचे एक आजोबा पुन्हा पडले. त्यानंतर त्याने बटणाचे वॉकर घेणं बंद केलं. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः पाइप वाकवून, वेल्डिंग करून तीन मापं बनवली: लहान हिरवा, मधला पिवळा, मोठा लाल. हलायला काहीच नाही. माप घ्यायची पद्धतही त्याचीच. माणूस सरळ उभा करायचा, हात मोकळे सोडायचे, जमिनीपासून मनगटापर्यंत टेप लावायचा. पेशंट उभा राहू शकत नसेल तर झोपलेला असताना टाचेपासून मनगटापर्यंत. तोंडी माप घ्यायचं नाही. याबाबतीत तो कुणाचंही ऐकत नसे.

"अहो, माझ्या बाबांची उंची मला माहीत नाही का?" असं एक बँकेतले गृहस्थ एकदा चिडून म्हणाले होते.

"तुमाले तुमचे बाबा माहीत आहेत. त्यायचं मनगट नाही. टेप घेऊन जा, मोजून सांगा."

गृहस्थ टेप घेऊन गेले. बाराच्या आत परत आले आणि लहान माप घेऊन गेले.

कार्तिकात आईचे टाके सुकले आणि डॉक्टरांनी तिला वॉकर धरून उभं करायला सांगितलं. त्याचा फोन शनिवारी आला. मंडळाचं सामान भिलाई-दुर्गच्या बाहेर द्यायचं नाही असा नियम आहे. तो नियमही आम्हीच केलेला. मी रविवारी सेक्रेटरी काकांना विचारलं. काका रेल्वेतून रिटायर झालेले, आम्हाला वीस वर्षं ओळखतात.

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मंग विचारून कावून राहिला? सासूबाईले नाही द्यायचं तर कोणाले द्यायचं?"

ते रजिस्टरमध्ये बघत म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. 'नवरा' हा शब्द मी ज्या दोन-तीन माणसांपुढे वापरला, त्यांत काका नव्हते.

मी कपाटाजवळ उभा राहून त्याला फोन लावला. "माप सांग."

"मधला दे."

"मोजलं?"

"अरे, आई आहे माझी. माझ्या कानापर्यंत येते ती. पिवळाच लागेल."

मी पिवळा उचलला. पंधरा वर्षांत तोंडी मापावर दिलेला तो पहिला वॉकर. रेल्वेत गार्ड असलेले एक शेजारी त्याच आठवड्यात नागपूरला चालले होते. त्यांनी तो नेला आणि तिथून काटोलच्या एसटीत टाकला.

नंतरचे तीन आठवडे आई चालली नाही. उभी करायला गेलं की दोन मिनिटांत म्हणायची, खांदे दुखतात, बसवा मले. त्याला वाटलं ती घाबरते. तिथेच राहणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला वाटलं ती हट्ट करते. धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे घरातल्या वहिनीला, वाटलं की आई मोठ्या मुलाला जाऊ द्यायचं नाही म्हणून असं करते. ती तसं स्वयंपाकघरात बोललीही. तो दररोज सकाळी आईला उचलून न्हाणीत नेत होता, अंघोळ घालत होता, परत आणून पलंगावर ठेवत होता. त्याची स्वतःची पाठ दुखायला लागली. मी दररोज विचारायचो, आज किती पावलं. तो सांगायचा, आज पण नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी व्हिडिओ कॉल चालू असताना त्याने फोन खिडकीत ठेवला आणि आईला उभी केली. मी तिला प्रथमच नीट उभी पाहिली. तिचे दोन्ही कोपर वर उचललेले होते, खांदे कानाला टेकलेले. पिवळ्या वॉकरवर ती लोंबत होती.

"खाली ठेव तिला," मी म्हणालो. "आणि टेप आण."

वहिनीच्या शिलाईच्या डब्यातला टेप आला. त्याने माप घेतलं, आकडा सांगितला नाही. टेप गुंडाळत म्हणाला, "हिरवा."

आई त्याच्या कानापर्यंत यायची ती त्याच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत. त्यानंतर दर दिवाळीला चार दिवस तो काटोलला जायचा तेव्हा ती बसलेली असायची. चुलीजवळ, ओट्यावर, नाहीतर खाटेवर. बोलताना तोच खाली बसायचा. ती सहा बोटं कमी झाली होती आणि त्याने तिच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं नव्हतं.

पाइपच आहे; पाय खालून कापून रबरी टोपणं परत बसवली असती तर काम झालं असतं. हॅक्सॉने दहा मिनिटांचं काम. ते मला ठाऊक होतं, आणि फिटर माणसाला तर नक्कीच ठाऊक होतं. तो फोनवर म्हणाला, "हिरवा घेऊन ये."

"पाठवू का कोणासोबत?"

"तू घेऊन ये."

बावीस वर्षांत मी काटोलला गेलेलो नव्हतो. दिवाळीत तो जायचा, मी डेस्कवर थांबायचो. ज्यांना घर आहे त्यांना सुट्टी द्यावी म्हणून मी दर दिवाळीला ड्युटी घेतो, असं ऑफिसात समजलं जायचं. परत येताना तो शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे आणायचा, एक झणझणीत, एक कमी तिखटाचा. कमी तिखटाचा माझा.

मी गुरुवारी निघालो. दुर्गहून नागपूर रेल्वेने, पुढे एसटीने. वॉकर दुमडत नाही. गाडीत तो दाराजवळ उभा ठेवला आणि चार तास धरून बसलो. काटोलच्या स्टँडवर तो घ्यायला आला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. आम्ही अडीच महिन्यांनी भेटत होतो. त्याने वॉकर घेतला, मनगटावर धरून उंची पाहिली आणि म्हणाला, "चला."

घरी त्याने ओळख करून दिली, "भिलाईचे." पुढे काही जोडलं नाही.

भिंतीवरच्या खिळ्याला हॅक्सॉ लटकलेली होती. मी ती पाहिली आणि त्याने मला पाहताना पाहिलं.

आईने मला पलंगाजवळ बसवलं. बारीक चणीची बाई, आवाज मात्र मोठा.

"तुमीच का थे, फोनवर रोज 'किती पावलं' विचारते?"

"हो."

"रोज रोज विचारता. मी काय शर्यतीत हाओ का?"

मी हसलो. तिने विचारलं, "चटणी जमते का तुमाले? मी तुमच्या डब्यात तिखट निम्मं टाकत असतो. यानं सांगतलं होतं पयल्या सालीच, त्याले सोसत नाही म्हून."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पिवळ्या वॉकरच्या टोपणांवरची माती काढत होता. कमी तिखटाचा डबा तो आपल्याच मनाने बाजूला काढतो, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

हिरवा वॉकर बरोबर बसला. आई पलंगापासून दारापर्यंत गेली आणि वळून परत आली. बावीस पावलं. कोपर थोडे वाकलेले, खांदे खाली. "हे बरं आहे," ती म्हणाली. "थे आधीचं कोनाचं माप घेतलं होतं रे? तुह्या बापाचं का?"

रात्रीच्या जेवणाआधी धाकटा भाऊ दुकानातून आला. त्याचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान आहे. स्वभावाने बोलका. वॉकर पाहून खूष झाला, मला भिलाईच्या उन्हाबद्दल विचारलं. मग चहा घेताना म्हणाला, "दादाले मी म्हनून राहिलो, आता इथंच राहा. रिटायर झाला. ना बायको, ना पोट्टे. तिथं कोन बसलं आहे याची वाट पाहत?"

प्रश्न त्याने मला विचारला होता. वाईट हेतू नव्हता. तो बिस्किट पुढे करत होता. मी तीन फुटांवर बसलो होतो. वहिनी दारात उभी होती. त्याने, ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याने, कप खाली ठेवला.

"चहा थंडा होऊन राहिला साऱ्यायचा," आई आतून म्हणाली.

चहा झाला. नंतर दुसरे विषय निघाले.

माझी खाट समोरच्या खोलीत होती. तो आईच्या खोलीत जमिनीवर झोपत होता. सकाळी सहाला मला त्याचा आवाज आला, "चला, उठा, हात द्या," आणि मग वॉकरचे चार पाय फरशीवर टेकल्याचे. न्हाणी अंगणाच्या पलीकडे आहे, मधे दोन पायऱ्या. वॉकर पायऱ्या चढत नाही. तिथे तिला धरावं लागतं. घरात धरायला तीन माणसं होती. धरत एकच होता. धाकटा भाऊ साडेसातला उठायचा. वहिनीला सकाळी पाणी भरायचं आणि मुलीचा डबा करायचा.

शुक्रवारी दुपारी तो मला स्टँडवर सोडायला आला. गाडीला वीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो, मधे माझी बॅग.

"शेवंतीची जुनी खोडं कापली का?"

"कापली. बुडातून फुटवे आलेत."

"ते ठेव. पाणी कमी दे."

"कधी येशील?"

तो गाड्यांच्या पाट्या वाचत होता. "मी गेलो तर त्या पायऱ्यांवर तिले कोन धरन? भाऊ म्हनते, तुले काम नाही, तू धर. मी त्याले काय सांगू, मले काय काम आहे?"

"सांग."

"तू सांगतलं का काल? तुलेच विचारलं होतं त्यानं."

मी सांगितलेलं नव्हतं. गाडी लागली. त्याने बॅग वर चढवून दिली आणि खिडकीखाली उभा राहिला. कंडक्टरने घंटा दिली तेव्हा त्याने खिडकीच्या गजावर ठेवलेला माझा हात धरला, गाडी हलेपर्यंत.

पौष, माघ आणि फाल्गुन असेच गेले. मी एकट्याने रविवारची खोली उघडतो. काका येऊन बसतात आणि मापं चुकीची वाचतात. सकाळी तलावावर जातो. घरी दोन कप निघतात. एक परत ठेवतो. तो सकाळी आणि संध्याकाळी फोन करतो. आई आता अंगण ओलांडते. पायऱ्यांशी थांबते आणि हाक मारते. हाक नेहमी त्याच्याच नावाने असते.

परवाच्या फोनमध्ये त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्याने रविवारी जेवताना भावाला सांगितलं की भिलाईला त्याचं घर आहे आणि घरात माणूस आहे. भावाने विचारलं, कोण माणूस. त्याने सांगितलं, वॉकर घेऊन आला होता तो. भाऊ जेवत राहिला. वहिनीने भात वाढला. दुसरी गोष्ट, त्याच सकाळी आई पायऱ्यांशी थांबली तेव्हा तिने त्याला हाक मारली नाही. वळून धाकट्याच्या खोलीच्या दाराशी गेली, त्यावर वॉकर आपटला आणि ओरडली, "ऊठ न रे! तुले हात नाहीत का? का सारे हात यालेच देल्ले मी?"

धाकटा उठला नाही, असं तो म्हणाला. त्यालाच जावं लागलं.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मागून आईचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सांगत होती, असं नाही, काखेत हात घाल, काखेत. मी विचारलं, तू कुठे आहेस. तो म्हणाला, अंगणात उभा आहे. पायऱ्यांवर भाऊ आहे.